वकीलपत्र आणि पालकत्व

ज्या कागदावर सही करून अशील आपला वकील नेमतो, त्याला आपण वकीलपत्र म्हणतो. कागद दिसावयास साधा, मजकूर ठरीव, आणि पुष्कळदा सही करणारा तो वाचीतही नाही. परंतु त्या चार ओळींच्या पोटात एक मोठा नैतिक करार दडलेला असतो. अशील म्हणतो, ‘माझ्या वतीने तू बोल, तुझे बोलणे ते माझेच बोलणे असे मी मानीन.’ आपली वाणीच दुसऱ्याच्या स्वाधीन करावी, यापेक्षा मोठा विश्वास व्यवहारात क्वचितच आढळतो. वकिली हा मुळात प्रतिनिधित्वाचा व्यवसाय आहे, तो या अर्थाने. मग साहजिकच प्रश्न उद्भवतो की, जे साऱ्या समाजाच्या वतीने बोलतात, ते समाजाच्या साऱ्या थरांतून आलेले असावेत की काय? आणि तसे ते नसतील, तर दोष कोणाच्या माथी मारावयाचा?

सरकारी नोकरीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देणे तितकेसे अवघड नाही. तेथे जाहिरात असते, परीक्षा असते, राखीव जागांचा नियम असतो. अन्याय झालाच तर दाद मागण्यास ठिकाण असते. खाजगी वकिलीत यांपैकी काहीच नाही. तेथे कोणी कोणाला नेमीत नाही, आणि म्हणून कोणी कोणाला नाकारल्याचेही कोठे नमूद होत नाही. जेथे नियमाचा हात पोचत नाही तेथेच धर्माधर्माचा खरा विचार सुरू होतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही खाजगी वकिलीपुरताच हा प्रश्न घेतला आहे.

आम्ही ज्या सुरत शहरात हे लिहीत आहोत, त्या शहराशी एका मराठी स्त्रीचे नाव कायमचे जोडलेले आहे. डॉ. रखमाबाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ येथील स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली. परंतु वैद्य म्हणून प्रसिद्ध होण्यापूर्वी त्या प्रतिवादी म्हणून प्रसिद्ध झाल्या होत्या. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले; पुढे नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले, तेव्हा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदावयास जावे अथवा सहा महिन्यांची कैद भोगावी, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली व त्या वैद्यक शिकण्यास विलायतेस गेल्या.

या खटल्यात रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे होते. सारस्वत समाजात जन्मलेले, संस्कृत आणि कायदा या दोहोंत सारखेच पारंगत असलेले, भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे आणि पुढे १८८९ साली त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले तेलंग यांची योग्यता आमच्या वाचकांस सांगावयास नको. यातून आमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. स्त्रीची बाजू मांडण्यास वकील स्त्रीच असला पाहिजे, असे नाही. दुसऱ्याचे दुःख आपल्या वाट्याला आलेले नसताही ते समजून घेऊन न्यायासनापुढे ठेवणे, यातच वकिलीचे थोरपण आहे. प्रत्येकाने आपापल्या जातीचा, आपापल्या गावचा वकील शोधावा असा नियम झाला, तर न्यायालय हे न्यायाचे स्थान न राहता निरनिराळ्या जमातींच्या वादाचा आखाडा होईल.

तथापि चित्राची दुसरी बाजू पाहा. ज्या रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ या नावाखाली आपले म्हणणे स्वतःच्या लेखणीने मांडले, त्यांना न्यायालयात आपल्या वतीने बोलावयास स्त्री वकील हवी असती, तर ती मिळण्याची सोयच नव्हती. तेलंग त्यांनी पुरुषांतून निवडले. पण दुसरा पर्याय असून निवडले, असे म्हणता येणार नाही.

येथे वैद्यक आणि वकिली यांची तुलना उद्बोधक ठरते. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच सुरतेत स्त्री रुग्णालय चालवू शकत होती. सनद घेऊन कोर्टात उभी मात्र राहू शकत नव्हती. स्त्रिया परपुरुष वैद्यापुढे येत नाहीत, सबब स्त्री वैद्य हव्यात, हा युक्तिवाद सर्वांना पटला. मग पडद्यातील स्त्रिया परपुरुष वकिलापुढे तरी कोठे येत होत्या? नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी हाच मुद्दा जन्मभर धरून ठेवला. १८९२ साली ऑक्सफर्ड येथे त्या कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. काठेवाडच्या संस्थानी मुलखात खास परवानगीने त्यांनी काही कामेही चालविली. परंतु सनद मिळेना. १९०४ साली बंगाल सरकारने त्यांना जागा दिली ती कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान आणि पडदानशीन वारसांच्या मिळकती सांभाळणाऱ्या खात्यात. पालकाची मदतनीस म्हणून कायद्याने त्यांना सामावून घेतले. वकील म्हणून घेतले नाही. १९१६ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांच्या प्रकरणात, आणि १९२१ साली पाटण्याच्या न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांच्या प्रकरणात, वकिलीच्या कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्रीचा समावेश होत नाही, असे ठरविले. अलाहाबादने १९२१ सालीच सोराबजींना सनद देऊन उदार पाऊल उचलले. आणि १९२३ च्या कायद्याने अखेर साऱ्या देशातील अडसर दूर झाला.

पालक आणि वकील यांतील हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. दोघेही दुसऱ्याच्या वतीने बोलतात. परंतु पालक बोलतो तो पाल्याला बोलता येत नाही म्हणून. वकील बोलतो तो अशिलाने सांगितले म्हणून. पालकाचा अधिकार पाल्याच्या असमर्थतेतून निर्माण होतो, वकिलाचा अधिकार अशिलाच्या इच्छेतून. आता एखादा वर्ग असा कल्पा की, ज्याच्या वतीने नेहमी इतरेच बोलतात आणि जो स्वतः कधी इतरांच्या वतीने बोलत नाही. त्या वर्गातील प्रत्येक अशिलाला उत्तम वकील मिळेल, कदाचित फुकटही मिळेल. तरीही तो वर्ग समग्रतेने पाल्याच्याच स्थितीत राहील. एका खटल्यात तेलंगांनी रखमाबाईंची बाजू मांडणे हे प्रतिनिधित्व होय. पिढ्यान्‌पिढ्या केवळ तेलंगांनीच मांडावी व रखमाबाईंनी कोणाचीच मांडू नये, हे पालकत्व होय. आमच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर ते हे : एकेका खटल्यात वकील अशिलासारखा असण्याची गरज नाही, परंतु वकीलवर्ग हा एकंदरीने समाजासारखा असला पाहिजे. कारण दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा मान ज्याला मिळतो, तोच खऱ्या अर्थाने प्रौढ नागरिक गणला जातो.

१९२३ हे साल वकिलीच्या इतिहासात आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी लंडनहून बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा या मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. आणि त्याच वर्षी डॉ. भीमराव आंबेडकर यांनी त्याच न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. सनदेच्या फीसाठी आंबेडकरांना आपले मित्र नवल भथेना यांच्याकडून पैसे घ्यावे लागले. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या त्यांच्यापाशी होत्या; परंतु मुंबईच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरच्या हातून, आणि सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टरास ब्रीफ देईनात. परळच्या कचेरीत गोरगरिबांची कामे करीत आणि बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत त्यांनी ते दिवस काढले. पुढे १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींवर झालेल्या खटल्यात त्यांनी आरोपींचा यशस्वी बचाव केला. हे अशील काही त्यांच्या जातीचे नव्हते. अस्पृश्य मानलेला वकील इतरांचा प्रतिनिधी झाला, म्हणजेच पालकत्वाची बेडी तुटली, ती येथे.

तात्पर्य, दरवाजे दोन आहेत. एक सनदेचा, दुसरा ब्रीफचा. पहिला सरकार उघडते आणि कायदा करून उघडू शकते. दुसऱ्याची किल्ली खाजगी माणसांच्या कनवटीला असते.

ही किल्ली फिरते कशी, ते सुरतेसारख्या गावात रोज पाहावयास मिळते. येथील रिंग रोडवरच्या कापड बाजारातून चेक परत येण्याचे खटले येतात, भागीदारीचे तंटे येतात, जमिनीचे दावे येतात. व्यापारी आपल्या ओळखीच्या वकिलाकडे जातो. यात त्याचे काय चुकले? वकील आपला मुलगा, पुतण्या किंवा स्नेह्याचा मुलगा हाताखाली घेतो; यात तरी पाप कोणते? कठीण काम आले म्हणजे ज्येष्ठ वकील अनुभवी माणसाला बोलावतो, नवख्याला नव्हे; तेही अशिलाच्या हिताचेच. मुलीला रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसवून ठेवणे बरे दिसत नाही, म्हणून तिला लवकर घरी पाठवितात, हेतू चांगला. पण महत्त्वाची बैठक नेमकी रात्रीच होते आणि तिच्यावाचून होते. यातील प्रत्येक कृत्य सुटे पाहिले तर निर्दोष आहे. सर्वांची बेरीज मात्र निर्दोष नाही. तिचा परिणाम असा की, ताप्तीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, धुळे, जळगावाहून येऊन उधना-लिंबायतच्या वस्त्यांत राहणाऱ्या आणि मागावर काम करणाऱ्या आमच्या खानदेशी बांधवांची मुले कायद्याची पदवी घेतात, सनदही मिळवितात, आणि नकला काढणे, तारखा टिपणे, मुदतीचा अर्ज देणे यापलीकडे त्यांतील फार थोड्यांची मजल जाते.

आमच्या पाहण्यात अशी एक मुलगी होती. बाप कारखान्यात, आई घरी साड्यांना खडे लावणारी. मुलगी बुद्धीने तल्लख; गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत साक्षीदाराशी बोलणारी; अहिराणी तर घरचीच. तीन वर्षे तिने एका कचेरीत उमेदवारी केली. तेथे तिला कोणी अपमानास्पद बोलले नाही, उलट सारे तिला मुलीसारखे वागवीत. फक्त तिला पगार नव्हता, आणि त्या तीन वर्षांत एकदाही उलटतपासणी तिच्या हाती दिली गेली नाही. धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च उभा राहिला तेव्हा तिने एका विमा कंपनीत नोकरी धरली. ‘मुलीसारखे वागविणे’ हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले. मुलीसारखे वागविले, वकिलासारखे वागविले नाही; हेच ते पालकत्व, आणि ते प्रेमळ असते म्हणूनच ओळखू येत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा देवस्थानांशी निकटचा संबंध आहे. त्यांना एक परिचित दाखला देतो. गोमंतकातील देवालयांचा कारभार महाजनांकडे असतो. महाजन कोण, हे कुळावरून ठरते आणि त्यांची नावे नामावलीत नोंदलेली असतात; १९३३ च्या नियमावलीने या व्यवस्थेला कायद्याची चौकट दिली. ही पद्धत योग्य की अयोग्य याचा वाद येथे काढण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे : नामावली लिहिलेली आहे, कोण आत व कोण बाहेर हे कोणालाही वाचून पाहता येते. वकिलीतही महाजन आहेत. फक्त त्यांची नामावली कोठे लिहिलेली नाही. बाहेरच्या माणसाला सांगण्यात येते की, व्यवसाय सर्वांना खुला आहे, आणि अपयश आले तर ते तुझ्या गुणांचे आहे. बंद दारापेक्षा उघडे भासणारे बंद दार अधिक क्रूर असते. कारण ते माणसाला स्वतःविषयीच साशंक करते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, अशिलाला आपला वकील निवडण्याचे स्वातंत्र्य हवे. ज्याच्या घरादाराचा, क्वचित प्राणाचा प्रश्न आहे, त्याने समाजसुधारणेसाठी नवख्याच्या हाती खटला द्यावा काय? हा आक्षेप खरा आहे, आणि अशिलावर असे ओझे कोणी टाकू नये. परंतु कठीण खटल्याबरोबर सोपे अर्ज असतात, मोठ्या साक्षीदाराबरोबर लहान साक्षीदार असतात. ज्येष्ठ शेजारी बसलेला असताना ज्युनियरने पंचाची उलटतपासणी घेतली तर अशिलाचे नुकसान होत नाही. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र ज्येष्ठाने मनात आणले तर तोच थांबवू शकतो.

दुसरा आक्षेप गुणांचा. गुणी माणूस आज ना उद्या वर येतोच, असे म्हणतात, आणि पुरावा म्हणून आंबेडकरांचेच नाव घेतात. हा पुरावा उलट बाजूचा आहे. इतके लोकोत्तर गुण असल्यावाचून ज्या दारातून आत जाता येत नाही, ते दार सामान्य गुणांच्या माणसाला बंदच म्हटले पाहिजे. आणि ज्यांची घरे आधीपासून आत आहेत, त्यांच्यातले सामान्य गुणांचे लोक त्याच दारातून सुखाने ये-जा करीत असतात. शिवाय वर आलेल्या प्रत्येकाच्या मागे कोणीतरी कडी काढलेली आढळते. दक्षिण गुजरातेत चिखली येथे जन्मलेले भुलाभाई देसाई मुंबईच्या वकीलवर्गाचे धुरीण झाले. भरूचहून आलेले कन्हैयालाल मुनशी त्यांच्याच चेंबरमध्ये तयार झाले, आणि मिठन टाटा यांनाही त्यांच्याच हाताखाली काम करावयास मिळाले. टाटाबाईंच्या पहिल्या अशिलाची गोष्ट मोठी मासलेवाईक आहे. आपला दावा इतका भक्कम आहे की तो हरणे शक्यच नाही, पण प्रतिपक्षाला एका बाईकडून हरल्याची नामुष्की यावी म्हणून आपण तुम्हांस नेमतो, असे त्याने त्यांना सांगितले म्हणे! अशी संधी आणि भुलाभाईंनी दिलेली संधी यांतील अंतर हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

कायद्याने आपल्या परीने बरेच केले आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलांचे जुने भेद मोडून एकच वर्ग केला. ज्या सनदेच्या फीसाठी आंबेडकरांना मित्राचा आधार घ्यावा लागला, ती फी राज्यांच्या बार कौन्सिलांनी अनेक पटींनी वाढविली होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक फी घेता येणार नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियर वकिलांना शहरात दरमहा निदान २० हजार व ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावे, अशी शिफारस केली. परंतु ती शिफारस आहे, हुकूम नव्हे. २०२२ साली सरन्यायाधीश रमणा यांनी सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे देशातील सुमारे १७ लाख वकिलांत स्त्रिया १५ टक्केच होत्या, आणि राज्यांच्या बार कौन्सिलांवर निवडून आलेल्यांत त्या अवघ्या २ टक्के होत्या. वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसण्याचा मान १९६४ साली न्यायमूर्ती सिक्री यांना प्रथम मिळाला. तो मान पहिल्या स्त्रीला, इंदू मल्होत्रा यांना, मिळावयास २०१८ साल उजाडले. भारताचे पहिले सरन्यायाधीश हरिलाल कणिया हे सुरतेत जन्मले, याचा आम्हां सुरतकरांना अभिमान आहे. पण त्या आसनाकडे जाणारी वाट खाजगी वकिलीच्या चेंबरांतून जाते, आणि चेंबरच्या उंबरठ्यावर जो अडला तो त्या वाटेलाच लागला नाही, हे विसरून चालणार नाही.

मग कर्तव्य कोणाचे? बेरजेचा दोष कोणा एकाचा नाही, म्हणून तो कोणाचाच नाही, असा निष्कर्ष काढणे सोयीचे आहे, पण खरे नाही. सार्वजनिक विहिरीतून प्रत्येकाने आपल्यापुरतेच पाणी काढले आणि गाळ कोणीच उपसला नाही, तर विहीर आटल्याचा दोष सर्वांचा असतो. आणि ज्याची घागर मोठी, त्याचा वाटा अधिक. ज्येष्ठ वकिलाकडे जी कामे येतात ती केवळ त्याच्या कर्तबगारीने येत नाहीत. न्यायालयाची प्रतिष्ठा, सनदेची मक्तेदारी आणि लोकांचा विश्वास ही सामायिक पुंजी त्यामागे उभी असते. त्या पुंजीचा तो मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताने आपल्या मुलाला काही देऊ नये असे नाही. पण सारेच त्याला देऊन टाकता येत नाही. हाताखालच्या माणसाला पोटापुरते वेतन द्यावे, वर्षातून काही कामे त्याच्या तोंडून चालवावीत, बैठका दिवसाउजेडी घ्याव्यात, आणि निदान एक जागा अशा उमेदवारासाठी ठेवावी की ज्याच्या घरात पूर्वी कोणी काळा कोट घातलेला नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि हे कर्तव्य केवळ वकिलांचे आहे असे समजून वाचकांनी निश्चिंत होऊ नये. तेलंग आणि चंदावरकर यांच्यासारखे न्यायमूर्ती ज्या समाजाने दिले, त्या समाजातील अनेक जण आज देवस्थानांचे, शिक्षणसंस्थांचे, पतपेढ्यांचे विश्वस्त आहेत. संस्थेचे दावे चालतात, वकीलपत्रे दिली जातात, आणि ती बहुधा वडिलांच्या वेळेपासून ठरलेल्या घरीच जातात. संस्थेचे मोठे काम जुन्या घरी खुशाल जावो. पण भाडेवसुलीचा एखादा दावा, एखादा साधा अर्ज नव्या सनदेच्या वकिलाकडे, एखाद्या मागवाल्याच्या मुलीकडे, का जाऊ नये? देवालयाचा विश्वस्त आपल्या वतीने बोलण्यासाठी तिच्या वकीलपत्रावर सही करील, तेव्हा तो तिच्यावर उपकार करणार नाही. तिला तो आपला प्रतिनिधी नेमील. आणि ज्याला आपण प्रतिनिधी नेमतो, त्याला पाल्य समजण्याचा अधिकार आपल्याकडे उरत नाही.